खालच्या आळीसाठी तलाव

प्रभागसभेत तलावाच्या ठरावासाठी सगळे हात वर गेले, तेव्हा शिंपीणबाईंना आधी खरंच वाटेना. त्यांनी मान वळवून पाहिलं. सरांचाही हात वर होता.

सर म्हणजे टेकडीवरचे निवृत्त मुख्याध्यापक. तिथलं राखीव मैदान आपल्याच तीर्थरूपांनी ठेवलंय अशा थाटात ते रोज सकाळी त्यावर फेऱ्या मारत. मैदानाला कायद्याचं संरक्षण होतं, एक वीट ठेवायची सोय नव्हती. ते खणून साठवण तलाव केला तर टेकडीवरचं पाणी तिथेच अडेल आणि खालच्या आळीत शिरणार नाही, अशी नगरपालिकेची योजना होती. सरांनी ती दोन वर्षं हाणून पाडली. आम्ही फिरायला जायचं कुठे, असा त्यांचा सवाल होता.

खालच्या आळीतल्या त्रेचाळीस घरांपुढे फिरण्याचा प्रश्न नव्हता. पाणी चढलं की मशिन पलंगावर, पलंग विटांवर आणि माणसं पोटमाळ्यावर. गेल्या पुरात शिंपीणबाईंचे सासरे पोटमाळ्यावर चढवले ते जिवंत खाली आले नाहीत. पाणी दोन दिवस हटलं नाही. दोन दिवस बाई त्यांच्या उशाशी बसून राहिल्या, कारण दुसरीकडे बसायला जागाच नव्हती.

त्यानंतर त्यांनी ब्लाउजची मापं घ्यायची टेप उचलली आणि घरोघर पाण्याची मापं घेतली. कुणाच्या भिंतीवर किती वर ओल, कुणाचा पाया खचला, कुणाच्या पोरीला कावीळ झाली, सगळं वहीत आलं. ती वही घेऊन त्यांनी आठ महिने चपला झिजवल्या. सरांनी पहिल्या खेपेला फाटकातूनच परत पाठवलं. पाचव्या खेपेला खुर्ची दिली. पुढे एकदा वही ठेवून घेतली, आणि परत देताना तुम्ही माझे डोळे उघडलेत म्हणाले.

आता ठराव पास झाला होता. शेजारच्या मावशींनी बाईंचा हात गच्च दाबला. बाई रडल्या. सासरे गेल्यावरही इतक्या रडल्या नव्हत्या.

ठरावाचं दुसरं कलम वाचायचं राहिलं होतं, ते नगरपालिकेच्या अभियंत्यांनी आता वाचलं. राखीव मैदानाची जेवढी जागा घ्यायची, तेवढीच जागा त्याच प्रभागात नव्या मैदानासाठी द्यायची, असा नियम होता. तो सरांनीच शोधून दिला होता. प्रभागात मोकळी जागा कुठेच नव्हती, म्हणजे घरं पाडूनच ती करावी लागणार होती. कोणती घरं, ते नकाशावर लाल रेघेने आखलं होतं. खालची आळी.

बाई उभ्या राहिल्या. तिथे माणसं राहतात, असं त्या कशाबशा म्हणाल्या.

अभियंत्यांनी वहीच्या छापील प्रती पुढे सरकवल्या. "ती घरं राहण्यालायक नाहीत, हे तुम्हीच तर मापं घेऊन सिद्ध केलंत."

आळीकरांना शहराबाहेर खोल्या मिळतील, त्याचं पत्र यथावकाश येईल, असंही त्यांनी सांगितलं. पुढच्या रांगेत सर शांतपणे चष्मा पुसत होते.

पण बाई हात टेकणाऱ्यातल्या नव्हत्या. या सगळ्यात कुठेतरी शिवण उसवलीय हे त्यांना जाणवत होतं, आणि ती जागा त्यांना सापडली.

"साहेब, आळीच उठवणार असाल तर पुरात बुडणार कोण? मग तलाव खणायचाच कशाला?"

अभियंत्यांनी नकाशा पुन्हा उलगडून पाहिला. मग ते सरांकडे पाहू लागले. बाईंना वाटलं, जिंकलो.

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि वर्गातल्या मठ्ठ मुलीला समजवावं तसं सावकाश समजावलं.

"असं काय करता, बाई? नव्या मैदानात पाणी शिरायला नको."