‘पी’चा तास

नोकरीसाठी हर्षलाला पाचवीच्या वर्गावर नमुना पाठ घ्यायचा होता. मुख्याध्यापिकांनी ऐनवेळी विषय दिला, ‘पी’पासून सुरू होणारे इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ. मी त्याच शाळेत शिकवत होते आणि हर्षला माझी कॉलेजची मैत्रीण. तिची जीभ लहानपणापासून नेमकी ‘प’वरच अडखळायची.

“दुसरं अक्षर मागून घे की,” मी कुजबुजले.

“नको गं. वर्षभर टाळता येणारेय का?”

ती वर्गासमोर उभी राहिली. “मुलांनो, हा आवाज माझ्या तोंडात अडकतो. थोडं थांबाल?”

तिनं फळ्यावर शब्द लिहिला आणि वाचायला लागली. “प... प... प...” कुणीतरी खुदकन हसलं. शेजारणीनं त्याला कोपरानं ढोसलं. सगळा वर्ग तिच्या ओठांकडे बघत राहिला.

“पेशन्स!”

“म्हणजे काय हो, बाई?”

कपाळावरचा घाम टिपत हर्षला हसली. “आत्ता तुम्ही सगळे माझ्यासाठी थांबलात ना, त्याचंच हे नाव.”

मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. तेवढ्यात मघाशी हसलेला मुलगाच उठून म्हणाला, “बाई, पुढचा शब्द घ्या. आम्ही थांबतो.”