रेडिओ मुका झाला पाहिजे

इस्पितळातल्या खोलीच्या भिंतींना बाहेरच्या लहरी अडवणारे धातूचे पत्रे ठोकून झाले, की मी रेडिओ लावून आत उभा राहतो आणि दार ओढून घेतो. रेडिओ मुका झाला तर खोली पास. केसाएवढी फट राहिली तरी तो कुजबुजतो.

आज तो मुका झाला, आणि मग आतल्या ठोके टिपणाऱ्या यंत्राखाली माझ्याच लेकीला झोपवलं. पोटातल्या बाळाचे ठोके चुकतात असा संशय होता, आणि बाहेरच्या कुठल्याही यंत्रावर ते धड उमटत नव्हते.

"बाबा, फट नाही ना राहिली?"

"काम माझं आहे ते," मी गुरकावलो आणि बाहेर येऊन दार लावलं. हातातला रेडिओ पुन्हा गाऊ लागला.

बाहेरच्या पडद्यावर रेघ उमटली. मोठ्या लाटा लेकीच्या. त्यांच्या मधेमधे मुंगीएवढ्या लाटा, भराभर, पण एका लयीत चाललेल्या.

"छान चाललंय की बाळाचं," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "कालही असंच चालू असणार. लिफ्ट, फोन, दिवे यांच्या कलकलाटात आपल्यालाच कळत नव्हतं."

भिंतीवर माझा पुरता भरवसा होता. तरी हातातला रेडिओ मी बंद केला.