दगडासारखं झाड

"आई, हे गोटे नाहीत, जिवंत झाडं आहेत. मी येईपर्यंत यायले पाणी देऊ नका," असं कुंडीतल्या दोन गोट्यांसारख्या झाडांकडे बोट दाखवत बजावून सून मधुवंती माहेरी गेली. उंद्रीच्या द्वारकाबाईंना हे पटणार थोडंच! "माह्या घरात कोनी तहानलेलं राहत नाई. मोठी आली मले शिकवाले!" म्हणत त्यांनी, कढीपत्त्याला घालतात तसं, रोज आंबट ताक कुंडीत ओतलं. आठवड्यात झाडांचा लगदा झाला. आता सुनेचं ऐकून घेण्यापेक्षा बाईंनी बांधावरून तसेच दोन गोटे वेचून आणले आणि मातीत नीट रोवून दिले.

मधुवंती आली आणि घाईघाईत, नीट न बघताच कुंडी घेऊन, सासूलाही सोबत ओढून, थेट चिखलीच्या झाडांच्या प्रदर्शनात गेली. तिथले परीक्षक भिंग लावून कुंडीवर वाकले ते उठेचनात. द्वारकाबाई हळूच सुनेच्या मागे सरकल्या. उभ्या जन्मात कोणाचं ऐकून न घेतलेली बाई, तिची आज चारचौघांत लाज जाणार, तीही सुनेदेखत!

परीक्षकांनी भिंग खिशात टाकलं आणि कुंडीला पहिल्या नंबरचा बिल्ला लावला.


"वा ताई! दगडाची इतकी हुबेहूब नक्कल करणारं झाड मी आजवर पाहिलं नव्हतं."