मिठाचा नेम

"आज तरी काय लागतंय का रं जिभंला?" चंदनबालानं विचारलं.

सम्मेदनं आमटीभाताचा घास तोंडात घोळवला. ओल्या मातीचा गोळा घोळवावा तसा. मग पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलला. रोज या प्रश्नाला तो "न्हाई गं" म्हणायचा. आज आईशी खोटं बोलायचं ठरवून बसला होता, आणि सवय नसल्यानं कानशिलं तापली होती.

नाकाच्या मागं, घशाच्या वरच्या अंगाला गाठ निघाली तेव्हा तो शिरवळच्या एका कंपनीत होता. वय सव्वीस. मुंबईकडच्या मोठ्या दवाखान्यात प्रोटॉनचे किरण द्यायचे ठरले. हे किरण गाठीपाशी जाऊन थांबतात, पलीकडं मेंदूला फारसा धक्का लागत नाही, असं डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. तोंडावर जाळीचा मुखवटा आवळून तेहेतीस वेळा तो त्या टेबलावर निजला. गाठ विरली, डोळे शाबूत राहिले. जिभेची चव तेवढी गेली. "येईल सावकाश, काहींना वर्षही लागतं," डॉक्टर म्हणाले.

चव नाही म्हणून जेवण नाही, जेवण नाही म्हणून अंगावर मांस नाही. नाकातून नळी घालायची भाषा सुरू झाली. त्याच दिवशी चंदनबालानं गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवासमोर हात जोडून नेम धरला. पोराच्या जिभेला चव येईपर्यंत आपण मीठ खायचं नाही.

आणि ह्या बाईचा नेम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! नवरा गेल्यापासून दिवस मावळल्यावर तिनं पाण्याचा थेंब तोंडात घेतला नव्हता. पाच महिने शेगडीवर दोन भांडी चढत होती. एक पोराचं, दुसरं तिचं अळणी.

गेल्या आठवड्यात धुणं वाळत घालताना ती चक्कर येऊन पडली. कॅन्सरच्या पेशंटांची घरी येऊन काळजी घेणारी राजेश्वरी सिस्टर दर गुरुवारी सांगलीहून यायची. तोंड कोरडं पडू नये म्हणून काय करायचं, काय गिळायचं, किती गिळायचं, सगळं बघायची. तिनं चंदनबालाचं रक्त तपासून आणलं आणि सम्मेदला अंगणात बोलावलं.

"रक्तातलं मीठ लय उतरलंय. आता तुझ्यापरास मला काकूंचीच काळजी लागलीया. समजाव त्यांला."

समजावणार कोण? त्यानं हातापाया पडून बघितलं, अबोला धरून बघितला. आईचं एकच, "नेम माझा हाय, तुझा न्हवं." सम्मेदला लय भ्या वाटायला लागलं. एवढ्या दुखण्यातनं आपण उठलो ते काय आईला पोचवायला?

म्हणून आज तो म्हणाला, "आई, लागतंय गं मीठ. अगदी बेताचं झालंय."

चंदनबाला बघतच राहिली.

"खरंच?"

"शपथ घेऊ का?"

"नको. शपथ नको बाळा." तिनं पदरानं डोळे टिपले.

"मग आता नेम फिटला. ताट घे आणि बस माझ्यासमोर."

"आत्ता माझं झालंय. सांजंला जेवते तुझ्यासंगं."

सांजंला, दिवस मावळायच्या आत, दोघांची ताटं शेजारी शेजारी मांडली. शेगडीवर एकच भांडं होतं. ते बघूनच सम्मेदला भरून आलं. पाच महिन्यांनी मायलेकरं एका भांड्यातलं जेवत होती! त्याचा पहिला घास उतरेपर्यंत चंदनबालानं आपला घास हातातच धरला.

"कसं झालंय रं?"

"फक्कड!"

तिचा हात जरा थबकला. मग तिनं घास घेतला आणि चावत राहिली. सम्मेदचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

"येडा का खुळा तू! जेव की गुमान."

आता खोटं रेटायचं म्हणजे जेवायलाही पाहिजे. तो भाकरीवर भाकरी मागायला लागला. तोंडात मातीच, पण आई समोर बसून जेवतेय म्हटल्यावर माती गिळायलाही त्याची हरकत नव्हती. तिसऱ्या दिवशी तर सोंग वठवायला म्हणाला, "आज जरा खारट झालीया गं आमटी."

"व्हय, हात सुटला जरा," चंदनबाला म्हणाली, आणि हसली.

गुरुवारी राजेश्वरी सिस्टर आली. सम्मेद काट्यावर उभा राहिला. दीड किलो वाढलं होतं! नळीचा विषयच मिटला म्हणाली. मग चंदनबालाच्या दंडाला पट्टा बांधला आणि सिस्टरचा चेहरा उतरला. पट्टा सोडून तिनं पुन्हा बांधला.

"काकू, मीठ सुरू केलंय न्हवं?"

"आठवडा व्हत आला," सम्मेदच बोलला. "एकाच भांड्यातलं जेवतोय आमी."

"मग प्रेशर वर का येईना? आणखी उतरलंय."

"उन्हाचं असंल वो," चंदनबाला म्हणाली. "तुमी निगा आता, पुढच्या पेशंटला उशीर व्हईल."

पण सम्मेद आज खुशीत होता. सिस्टरला तसंच कसं जाऊ द्यायचं? "आईच्या हातची आमटी चाखल्याबिगार सोडत नसतो," म्हणत तो आत गेला. "थांब रं, दुसरं कायतरी करते त्यांला," म्हणत चंदनबाला भिंत धरून उठेपर्यंत त्यानं वाटी भरून आणलीसुद्धा.

राजेश्वरी सिस्टरनं वाटी तोंडाला लावली. एक घोट घेतला, मग आणखी एक.

"आवं काकू," ती म्हणाली, "ही आमटी तर अळणी हाय."