शेवंतीची शर्यत

पडद्यावर शेवंती शेवटच्या टप्प्यात होती आणि कणकवलीचं अख्खं थिएटर उभं राहिलं होतं. शिट्ट्या पडत होत्या. "धाव गो बाय, धाव!" बायका ओरडत होत्या. जानकी मात्र बसून होती. तिचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणा बसला होता, त्याच्या मानेकडे ती बघत होती.

गुरुप्रसादची मान आधी ताठ होती. आता ती हळूहळू खांद्यांत शिरत होती.

सिनेमा सत्य घटनेवर होता, तसं सुरुवातीलाच मोठ्या अक्षरांत लिहून आलं होतं. घटना मालवणच्या किनाऱ्यावरची, वीस-एक वर्षांपूर्वीची. जानकीचा नवरा महादू पर्यटकांना घोड्यावरून फिरवायचा. त्याच्याकडे एक शिंगरू जन्माला आलं, पुढच्या एका पायाने अधू. लोक म्हणाले, देऊन टाक कोणाला तरी. महादूने तिचं नाव शेवंती ठेवलं. जानकी तिला स्वतःच्या ताटातली पेज पाजायची. सुकतीच्या वेळी, पाणी मागे सरलं की, महादू तिला ओल्या वाळूतून चालवायचा, मग पळवायचा. पायात बळ भरलं. शेवंती अशी पळायला लागली, की मासे उतरवणाऱ्या बायका टोपल्या डोक्यावर घेऊन नुसत्या बघत राहायच्या.

शिमग्यानंतर किनाऱ्यावर घोड्यांची शर्यत व्हायची. ती दरवर्षी गुरुप्रसादचा घोडा जिंकायचा. गुरुप्रसाद गावचा पुढारी, हॉटेलवाला. महादू नाव द्यायला गेला तेव्हा तो चारचौघांत हसला होता. "महादू, शर्यत घोड्यांची आसा रे. लंगड्यांची नाय."

ते वाक्य सिनेमात होतं, जसंच्या तसं. सिनेमावाल्यांनी माणसांची नावं बदलली होती, पण गुरुप्रसादची मिशीवरून अंगठा फिरवायची लकब ठेवली होती. सगळी हकीकत जानकीनेच सांगितली होती. सिनेमावाले ओटीवर बसून ऐकत होते आणि ती एकेक गोष्ट वाल सोलावेत तशी सोलून देत होती. गुरुप्रसादने शूटिंगला आपलं हॉटेल दिलं. सिनेमात तुम्हीसुद्धा आहात, एवढं कळल्यावर तो खूश झाला. पुढचं त्याने विचारलं नाही.

पडद्यावर शेवंतीने दोरी ओलांडली. थिएटर दणाणलं. मिशीवरून अंगठा फिरवणाऱ्या त्या श्रीमंत माणसाचा घोडा मागून धापा टाकत आला. माणूस एकटाच ओल्या वाळूत उभा राहिला आणि गर्दी त्याच्या अंगावरून पडद्यावरच्या महादूकडे धावली. लोक पोट धरून हसले. मग एकेक मान पहिल्या रांगेकडे वळू लागली.

दिवे लागले. म्हातारा धोंडू डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होता, "मिया सोताच्या डोळ्यांनी बघलंय. अशी सुटली शेवंती, अशी सुटली! आजून डोळ्यांसमोर आसा." त्याच्या आवाजात खोटेपणा नव्हता. त्याला खरंच आठवत होतं.

बाहेर पायऱ्यांवर गुरुप्रसादने जानकीला गाठलं. चेहऱ्यावर हसू, पण आवाज दातांतून येत होता. "वयनी, ह्या काय सांगलंस तू त्यांका? खंयची शर्यत आणि खंयचा जिंकणा? तुजी घोडी त्या दिवशी धावलीच नाय!"

"नाय धावली," जानकी म्हणाली. आजवर तिने त्याला अहो-जाहो केलं होतं. "ती कित्याक नाय धावली, तां सांग मगे ह्या लोकांका. तुका म्हायत आसा."

शर्यतीच्या आदल्या दिवशी, तिन्हीसांजेला, जानकी विहिरीवरून परत येत होती. गोठ्याच्या मागून एक माणूस निघाला. हातात पहार होती. त्याने वळून बघितलं, आणि त्याला वाटलं, अंधारात आपण दिसलो नाही; पण जानकीने गुरुप्रसादला ओळखलं होतं. गोठ्यात शेवंती तीन पायांवर उभी होती. जो पाय महादूने एवढ्या कष्टाने भरून आणला होता, तोच मोडला होता. पोलिसांनी पुरावा मागितला. गाव म्हणालं, दगडात अडकला असेल. दुसऱ्या दिवशी गुरुप्रसादच्या घोड्याने करंडक नेला, आणि शेवंती गेली; महादूने तिला स्वतःच्या हाताने पुरलं. त्यानंतर त्याने कुठल्याच घोड्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. फार जगलाही नाही.

खरं सांगितलं असतं तर लोक हळहळले असते. जानकीला हळहळ नको होती. तिला गुरुप्रसादला हरवायचं होतं.

"साहेब!" एका वाहिनीची मुलगी माइक घेऊन पुढे आली. मागे कॅमेरा, त्यामागे सगळी गर्दी. गर्दीत गुरुप्रसादची मुलगी दिव्या होती, डोळे रडून लाल झालेले. "साहेब, त्या शर्यतीत तुम्ही होतात ना? त्या दिवशी नक्की काय घडलं?"

गुरुप्रसादचा अंगठा मिशीकडे गेला. माइकच्या पलीकडे, हातभर अंतरावर जानकी उभी होती. पदर खोचलेला, नजर त्याच्या तोंडावर. त्याच्यानंतर माइक तिच्याकडेच जाणार होता. तो काय म्हणतो, त्यावर ती काय बोलणार, ते ठरणार होतं.

"बाबा, सांगा ना," दिव्या म्हणाली.



"फार जोरात धावली ती," गुरुप्रसाद म्हणाला. "मी हरलो."