ट्यूबचं दुसरं टोक

मंगळू ट्यूब सैल धरतोय, हे चंदरने लगेच ओळखलं.

चंदर ओसरीवर पाय लांब करून बसला होता. सायकलच्या जुन्या ट्यूबचा फास त्याच्या पंज्याला होता आणि दुसरं टोक समोर बसलेल्या धाकट्या भावाच्या, मंगळूच्या हातात. चंदरने पंजा बाहेर ढकलायचा आणि मंगळूने ट्यूब ताणून धरायची. नाशिकच्या दवाखान्यातल्या तेजस्विनीताईंनी दोघा भावांना बसवून हा व्यायाम शिकवला होता. मोहाची फुलं वेचून येताना बांधावर चंदरचा घोटा मुरगळला होता. हाड शाबूत होतं, पण घोट्यातला जोर गेला होता. तो परत आणायचा तर धीराने, असं ताई म्हणाल्या होत्या.

धीर कुठून आणायचा? हरसूलजवळच्या त्यांच्या पाड्यावर बोहाडा तोंडावर आला होता. बोहाड्यात देवांची, वीरांची लाकडी सोंगं, म्हणजे मुखवटे, डोक्यावर चढवून रात्रभर नाचतात. भीमाचं सोंग चंदरच्या घराकडे होतं. बापामागे ते त्यानेच नाचवलं. यंदा पाड्याचे जाणते काशीराम तात्या येऊन सांगून गेले, की पायाने जोर धरला तर चंदर नाचेल, नाहीतर मंगळू.

तेव्हापासून चंदरला भावाचं काहीच गोड लागेना. तिन्हीसांजेला मंगळू डोक्यावर टोपली घेऊन अंगणात तालीम करायचा. बाया म्हणायच्या, काय हलका पाय पडतो पोराचा. ते ऐकत चंदर भिंतीला धरून टाचा उचलायचा आणि दात खायचा. त्याची बायको फुलाबाई एकदा म्हणालीच, दुसऱ्याच्या ताटात बघून आपलं पोट भरत नसतं.

आणि आता ही सैल ट्यूब. पाय कच्चा राहिला तर सोंग कोणाचं, हे शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

"जोर नाय का रं तुझ्यात?" चंदरने विचारलं.

"ताई म्हणल्या, आधी सैलच धरायची."

"भीम काय ताई नाचवणार हाय?"

चंदरने ट्यूब हिसकावली, ओसरीच्या खांबाला आवळून बांधली आणि भावाला उठवलं. मग तो एकटाच पंजा ताणत राहिला. दुखलं तसा आणखी ताणत राहिला. संध्याकाळी अंगणात संबळ वाजू लागला, तेव्हा आधार सोडून दुखऱ्या पायावर उभा राहिला. ताईंनी ते इतक्यात करू नको म्हणून बजावलं होतं. संबळ चढत गेला, तसा तोही हट्टाला पेटला. सकाळी घोटा भोपळ्यासारखा फुगला होता. तात्यांनी तो पाहिला आणि मंगळूच्या पाठीवर हात ठेवला.

आता एक रीत उरली होती. सोंग डोक्यावर बसावं म्हणून आतून चिंध्यांची गादी भरतात. ज्याने ती भरली, त्यानेच ती काढायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही. मंगळूचं डोकं भावापेक्षा मोठं होतं. गादी काढल्याशिवाय सोंग त्याला नीट बसणार नव्हतं. तात्यांनी चंदरला ती काढायला सांगितली.

चंदर घरात गेला. त्याने सोंग मांडीवर घेतलं. आतल्या चिंध्या बापाच्या धोतराच्या होत्या, त्याच्या स्वतःच्या सदऱ्याच्या होत्या. त्याने हात आत घातला आणि तसाच रिकामा बाहेर काढला. बाहेर येऊन म्हणाला, काढली. मनात म्हणाला, आवळू दे. दोन फेऱ्यांत उतरवून ठेवील, मग पाडाच म्हणेल, चंदरची सर येत नाही.

बोहाड्याच्या रात्री मंगळूने सोंग उतरवलं नाही. चंदर बाजेवर बसून बघत होता. आता थांबेल, मग थांबेल, असं म्हणता म्हणता फेरीमागून फेरी झाली आणि उजाडलं. लोक म्हणाले, भीम असा नाचलाच नव्हता.

सोंग उतरलं, तेव्हा मंगळूच्या कपाळाची साल निघाली होती. रक्त भुवयांपर्यंत येऊन सुकलं होतं. तात्यांनी सोंगाच्या आत हात घातला. मग चंदरकडे वळून विचारलं, "काढली म्हणला होतास ना?"

चंदरने फुगलेला पाय बाजेखाली ओढला.

"मीच नको म्हणलो त्याला, तात्या," मंगळू म्हणाला. "गादी काढली असती, तर पुढल्या साली दादाला सोंग ढिलं पडलं असतं."

तात्या हुंकार भरून निघून गेले. फुलाबाईने हळद आणली, ती मंगळूने कपाळाला थापली. मग खांबाची ट्यूब सोडली, दवाखान्यात बसला होता तसा भावासमोर बसला आणि फास हळूच त्याच्या पंज्याला अडकवला.

चंदरला मान वर करवेना. "घट्ट धर," तो म्हणाला. "दुखू दे."

मंगळूने ट्यूब सैलच धरली.

"नाय, दादा. तुझा पाय बरा व्हायला पायजे. मी काय दर साली डोकं सोलून घेऊ?"