चुंबळ
कारखान्याचा वजनकाटा सकाळपासून बंद होता आणि उसाच्या चाळीस बैलगाड्या उन्हात उभ्या होत्या. त्या दुष्काळात पाणी होतं ते काट्यापलीकडच्या हौदात, आणि वजन झाल्याशिवाय बैल सुटत नव्हते. चूक काटा चालवणाऱ्या माझ्याच प्रोग्रॅममध्ये होती, पण सापडत नव्हती. संगणकातल्या चिपला आणि डिस्कला बोलायला तार एकच. तार हवी असली की चिप आपल्या रजिस्टरातला, म्हणजे नोंदीच्या खणातला, एक बिट ० चा १ करी; तीच तिची मागणी. डिस्कनेही तेव्हाच मागितली की डिस्कचा नंबर मोठा म्हणून ती जिंके, आणि पुढे चिपला तार मिळतच नसे. ऊसतोडीला आलेल्या भामाबाई बैलांसाठी पाणी मागायला रिकामी घागर घेऊन दारात आल्या. "कावून अडलंय, सायेब?" मी वैतागून म्हणालो, "दोघं एकदम तार मागतात, मावशी. हरलेल्याचा परत नंबरच लागत नाही." त्या म्हणाल्या, "आमच्या आडावर दोर एकच हाय. दोघी संगंच आलो तर दोघीबी डोईवरची चुंबळ कठड्यावर ठिवतो. थोरली आदी शेंदती. धाकलीनं आपली चुंबळ उचलायची अन् मंग फिरून ठिवायची. तुमच्या हरलेल्यानं उचलली का?" उचलली नव्हती. हरल्यावर बिट परत ० केल्याशिवाय नवी मागणी धरलीच जात नाही, आणि ते मी लिहिलंच नव्हतं. ती एक ओळ घातली आणि काटा चालू झाला. "मावशी, आधी तुमची गाडी घ्या." "न्हाई, मनकर्णाची गाडी माज्याआदी आलती," म्हणत त्या हौदावर घागर भरून गेल्या. प्रोग्रॅमच्या प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचं नाव टाकायची आमची पद्धत होती. मी टाकलं: भामाबाई.